जुन्या पत्रकातला हात

पत्रक हातात आलं की आक्का ते वाचायच्या नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून आधी खालचा उजवा कोपरा नाकाजवळ न्यायच्या आणि विचारायच्या, "कधीचं हाय हे?" त्या कोपऱ्यात छपाईचा महिना आणि साल बारीक अक्षरात असायचं. ही पद्धत त्यांनीच पाडलेली.

शिरोलीच्या बाजूला कडबा कुट्टीची, म्हणजे जनावरांचा चारा बारीक कापायची, यंत्रं बनवणारा एक कारखाना आहे. आक्का तिथल्या ऑफिसात होत्या. जुनी पत्रकं, कॅटलॉग, विक्रेत्यांकडचे तक्ते ताजे ठेवायचं काम त्यांच्याकडे. कुणी ते नेमून दिलं नव्हतं. फोन नंबर बदलला, मॉडेल बंद झालं, की बाकीचे "चालतंय की" म्हणायचे. आक्कांना चालायचं नाही. शाहूपुरीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात त्या लाल पेनानं रंगवलेले कागद घेऊन यायच्या. नवीन छपाई होईपर्यंत जुन्या गठ्ठ्यावर स्वतः दुरुस्तीच्या पट्ट्या चिकटवायच्या. एका कॅटलॉगवर पट्टीवर पट्टी चढून एवढा उंचवटा झाला होता की तो टेबलावर सरळ बसेना.

एकदा माझ्या दुकानाच्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. पाटीवर 'एसटीडी, फॅक्स' असं अजून होतं.

"फॅक्स कुठाय तुझ्याकडं? दाव की."

"आक्का, राहून गेलंय. कोण बघतंय?"

"लोक वाचत्यात रे. आपल्याला वाटतंय न्हाय वाचत."

दुसऱ्याच दिवशी मी पाटी रंगवून घेतली. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपण मागून हसतो, पण ते येताना दिसलं की कागद नीट करून ठेवतो.

मग एका पावसाळ्यात त्या दुकानात आल्या आणि हातातलं पत्रक माझ्यापुढे ठेवलं.

"चंदगडाकडं एका बाईची चार बोटं गेली," त्या म्हणाल्या. "आपल्याच यंत्रात."

पत्रकावर हिरव्या साडीतली एक बाई यंत्राच्या तोंडात पार मनगटापर्यंत हात घालून चारा ढकलत होती. हसत होती. तो फोटो जुन्या यंत्राचा. त्या यंत्रात चारा हातानं ढकलावाच लागायचा. नव्या यंत्रातले फिरते रूळ चारा स्वतः आत ओढतात, चाऱ्याबरोबर हातही. यंत्र बदललं, नाव बदललं, नंबर बदलले. फोटो छान होता म्हणून राहिला. दर वेळी तो उचलून नव्या पानावर बसवणारा मीच होतो.

आम्ही दोघं एसटीनं चंदगडला गेलो. पाऊस असा की खिडकीची काच लावूनही मांडी भिजत होती. तिथून पुढे वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपनं तिच्या वाडीत पोचलो. बाई तिशीतली. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. डाव्या हातानं तिनं चहा टाकला, अर्धी साखर चुलीपुढे सांडली. आक्का उठायला लागल्या, तशी म्हणाली, "बसा वो, जमतंय मला."

आक्कांनी विचारलं, "बाई, ह्यो कागद तुज्याकडं आलता काय?"

"आलता की. दुकानदारानं दिला."

"वाचलास?"

"मला वाचाय येत न्हाय, आक्का. ती बाई हात घालून हासत हुती. म्हटलं, असंच घालत असतील."

आक्कांनी चहाचा कप खाली ठेवला. तो तसाच राहिला.

परतीच्या गाडीत निपाणी आली. आक्का खिडकीकडे बघतच म्हणाल्या, "इतकी वर्षं मी पिनकोड तपासत बसलो रे."

दुसऱ्या दिवशी त्या मालकांकडे गेल्या. सगळ्या विक्रेत्यांकडून ती पत्रकं परत मागवा, म्हणाल्या. मालक माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता. "आक्का, आत्ता फोटो काढून टाकला तर आपणच चुकलो असं हुईल. वापराच्या पुस्तकात लिवलंय की, हात घालू नये म्हणून."

"ते पुस्तक कोण उघडतंय? तिला वाचायाच येत न्हाय!"

"तुमी थोडे दिवस घरी आराम करा."

त्यांनी आराम केला नाही. राजीनामा देऊन थेट माझ्याकडे आल्या. आम्ही नवा कागद केला. एक शब्द नाही, नुसतं चित्र. यंत्रापासून हात लांब, चारा ढकलायला लाकडी दांडकं, आणि आत गेलेल्या हातावर मोठी लाल फुली. त्या गठ्ठा पिशवीत घालून पेठ वडगाव, गडहिंग्लज, कागल अशा फिरू लागल्या. कुणी जुनी पत्रकं देऊन टाकली, कुणी हाकललं. एका विक्रेत्यानं हसत मोबाईल पुढे केला. तेच पत्रक व्हॉट्सअॅपवर फिरत होतं. हिरव्या साडीतली तीच बाई, कुठल्या कुठल्या गटांत, कर्नाटकापर्यंत.

आक्का त्या दिवशी दुकानात येऊन स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. "कागद गोळा करता येत्यात रे. ह्ये कसं गोळा करू?" मी पंख्याचं बटण उगाच चालू-बंद करत राहिलो.

त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल. मधुमेह होता, पाय सुजायचे, फिरणं थांबवलं नाही. कारखान्यानं फोटो पुढे बदलला, गाजावाजा न करता. किती गावांत जुना अजून भिंतीवर आहे, कोण जाणे.

मला शेवटच्या दिसल्या त्या मुरगूडला, बाजाराच्या दिवशी. मी एसटीत होतो, गाडी गर्दीत अडकलेली. यंत्रांच्या दुकानाबाहेर त्या एकेका गिऱ्हाइकाला अडवत होत्या. "पावणं, घरात चारा कोण घालतंय? तिला घिऊन या." माणसं वळसा घालून आत जात होती. दुकानदार ओरडला, "ओ बाई, गिऱ्हाईक घालवू नका माझं." त्या दोन पायऱ्या उतरून रस्त्यावर आल्या, पण गेल्या नाहीत.

एक मोटारसायकल थांबली. पुरुष उतरून आत गेला, मागे बसलेली बायको गाडीपाशीच राहिली. आक्का तिच्याजवळ गेल्या आणि तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. ती दचकली, हात सोडवू लागली. आक्का काहीतरी बोलत राहिल्या. हळूहळू तिनं ओढणं थांबवलं. ती ऐकत उभी असताना आमची गाडी सुटली.