कानबाईसाठी बदललेला गुडघा

आमच्या लिंबायतच्या गल्लीत कोणाचा गुडघा बदलला की किस्से आपोआप साचत जातात. कारण साधं आहे, पेशंट बाईला उठून जाता येत नाही. जो येतो तो समोर बसतो, चहा पितो, आपली अक्कल चालवतो आणि निघून जातो. भोगायचं तिनं. आता माझंच बघा.

जमिनीवर बसून साड्यांना स्टोन चिकटवण्यात माझा जन्म गेला, आणि त्यातच गुडघे गेले. डॉक्टर इथलेच, गुजराती, भला माणूस. म्हाताऱ्या बाईला इकडे म्हणतात तसं बा म्हणत त्यांनी विचारलं, "बा, ऑपरेशन झाल्यावर काय करायचंय? जिना चढायचाय? फिरायला जायचंय?"

मी म्हटलं, "श्रावणात डोक्यावर कानबाई घेऊन तापीवर जायचंय."

त्यांना कानबाई कुठली माहीत असणार? मग मीच सांगत बसले. आम्ही मूळचे खानदेशातले, तिकडची देवी आहे. श्रावणात घरी बसवतो, रात्रभर जागवतो आणि सकाळी घरच्या बाईनं डोक्यावर घेऊन नदीवर न्यायची. सासू थकली तेव्हापासून आमच्या घरची कानबाई मीच नेते. बाहेर रांग लागली होती, तरी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चालशो बा, आरामथी चालशो."

त्या एका शब्दावर मी पाय कापायला दिला.

*

आमच्या ह्यांची नोकरी लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात झाली. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले, आणि हळू बोलणं म्हणजे काय ते कायमचं विसरले.

ऑपरेशनला नेताना स्ट्रेचर थांबवून ते माझ्या कानाशी वाकले. त्यांच्या हिशेबानं ते कुजबुजले, "निर्मला, घाबरू नको. मी बाहेरच आहे."

अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. समोरच्या खाटेवरची यूपीची बाई म्हणाली, "ठीक है भैया, आप हैं तो हमको भी डर नहीं."

नर्स हसल्या, मीही हसले. मग दार लागलं आणि मला रडूच आलं. एवढ्या संसारात या माणसानं असं काही कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलला तोही वॉर्डभर.

*

घरी आले त्याच आठवड्यात धरणगावहून नणंद आली. पट्टी बघितली, पाय चाचपला आणि पहिला प्रश्न केला, "आन जुनं हाड कोठे शे?"

मी म्हटलं, "दवाखान्यातच राहिलं असेल, ताई."

"असं कसं? माणसाचं हाड आहे ते. तापीत सोडायला नको?"

तिनं ह्यांना दवाखान्यात पाठवायचंच बाकी ठेवलं होतं. सून कल्पनानं कशीबशी समजूत घातली. नणंदबाई गेल्या, पण मला मात्र तो विचार लागून राहिला. दुखत होतं म्हणजे इतकं दुखत होतं, की वाटे, उरलेल्या मलाही तिकडेच कुठेतरी टाकून द्यावं. म्हणजे एकदाचं सगळं संपेल.

*

आता गोधडीचं ऐका.

पाय सरळ ठेवला की जीव जायचा. शेजारच्या सुमनबाईला बघवेना. तिनं साडीच्या चिंध्यांची आपल्या हातची गोधडी आणली, गुंडाळी केली आणि गुडघ्याखाली सरकवली. काय सांगू, स्वर्ग! पाय जरासा वाकला आणि ठणका थांबला. मग गल्लीला नादच लागला. जी बाई भेटायला येई ती गुंडाळी बघे, म्हणे, "अजून थोडी उंच कर वं माय," आणि काहीतरी वर चढवे. कोणी चादर, कोणी उशी. शेवटी माझा गुडघा मखरात बसवल्यासारखा दिसायला लागला.

कल्पना दिवसभर पर्वत पाटियाच्या कापड मार्केटात कामाला. संध्याकाळी ती यायच्या आत सुमनबाई सगळं काढून ठेवायची, कारण दवाखान्यानं पाय सरळ ठेवायला सांगितलंय हे कल्पनाला पाठ होतं.

माझ्याकडून व्यायाम करून घ्यायला दवाखान्यातून फिजियोवाली पोरगी यायची, ती मधे आजारी होती. बऱ्याच दिवसांनी ती आली ती दुपारीच, आणि दारातच थबकली. "बा, हे कोणी ठेवलं?"

खोलीत चार-पाच बाया होत्या. प्रत्येकीला वाटलं, शाबासकी मिळणार. सुमनबाई पुढे सरकून म्हणाली, "खालची माझी. वरची उशी हिची."

पोरीनं सगळं बाजूला काढलं आणि पाय खाली दाबला. तो गेला नाही. पुन्हा दाबला. मी किंचाळले, पण पाय काही सरळ झाला नाही.

ती म्हणाली, "बा, गुडघा वाकडाच आखडून बसलाय. आता सरळ व्हायला खूप मेहनत लागेल. पूर्ण होईल की नाही, मी सांगू शकत नाही."

सुमनबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला काय बोलणार? मला सगळ्यांनी मायेनंच पांगळं केलं होतं.

*

त्या दिवसापासून कल्पनाचं एकच. डबा भरताना, कपडे वाळत घालताना, जाता-येता, "आई, पाय सरळ करा."

मी एकदा वैतागून म्हटलं, "मर गं बाई. नाही होत सरळ. मला आता कुठे जायचंय?"

तिनं ऐकून घेतलं, कुकर लावला आणि म्हणाली, "आई, पाय सरळ करा."

श्रावण लागला तरी मी वॉकरवरच होते. पाय टेकला की तिरकी व्हायचे. कानबाई डोक्यावर घेणं तर सोडाच, दारापर्यंत जाताना धाप लागायची. मीच कल्पनाला म्हटलं, "यंदा तू घे." यंदा म्हटलं खरं, पण माझ्या डोक्यावर ती पुन्हा यायची नाही हे दोघींनाही कळत होतं. मी तोंडावर पदर घेऊन रडले. देवाला विचारलं, एवढंच तर मागितलं होतं, तेवढंही तुला जड झालं का?

*

आमच्या घरची रीत आहे. कानबाई डोक्यावर घेऊन बाई निघाली की घरातल्या मोठीनं तिच्या पायांवर पाणी घालायचं आणि डोकं टेकवायचं. मग ती सून का असेना. माझी सासू दरवर्षी माझ्या पायांवर डोकं टेकवायची.

सकाळी कल्पना कानबाई घेऊन आमच्या उंच ओट्याच्या पायऱ्या उतरून गल्लीत आली. पुढे ढोल वाजत होता. मला बायांनी आधीच धरून खाली उतरवलं होतं; मी एका हातात वॉकर, दुसऱ्या हातात तांब्या घेऊन उभी. पाणी घातलं, अर्धं माझ्याच पायांवर. मग वाकायला गेले आणि पडता पडता वाचले. पुन्हा प्रयत्न केला, नाही जमलं.

सुमनबाई म्हणाली, "राहू दे निर्मला, हात जोड. देवीला समजतं."

मी हात जोडले. कल्पनाला मान खाली करता येत नव्हती, डोळ्यांनीच तिनं माझ्याकडे बघितलं. मग ती वळली आणि परत ओट्याच्या पायऱ्या चढायला लागली. बाया ओरडल्या, "अगं, निघालेली कानबाई मागे फिरवायची नसते!" तिनं ऐकलं नाही.

आमचे हे गरजले, "थांबा रे!" ढोल बंद पडला.

ती ओट्याच्या काठावर येऊन उभी राहिली, पायाची बोटं अगदी कडेला. तिचे ओले पाय माझ्या छातीशी आले. मी वॉकर धरून, न वाकता, नुसती मान झुकवून त्यांच्यावर कपाळ टेकवलं.

मग वरून, मान तसूभर न हलवता, ती म्हणाली,

"आई, पाय सरळ करा."