कुत्रीसाठी मुक्काम

तुमच्या पत्रात वाचलं की पक्ष्यांच्या शिकारीला जायचं ठरलंय, कुत्री बरोबर आहेत, आणि उतरायचं कुठे यावरून घरात वाद चाललाय. लॉजची रंगीत पत्रकं जेवणाच्या टेबलावर पसरलीत आणि एका ठिकाणी म्हणे कुत्र्यांना गरम पाण्याची अंघोळ मिळते. हे वाचून मी उठून गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा वाचलं. अगदी असाच वाद आमच्या वाशीमच्या घरात झाला होता. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, पुढे शिकवायचं की नाही ते ठरत नव्हतं, त्या वर्षी. क्रमाने सांगते.

आमच्या घरात शिकारी एकच, माझे मोठे काका. जंगल खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. माझे वडील वकील. त्यांना बंदुकीपेक्षा बंदुकीबरोबर येणारी माणसं आवडत. घरात पाखरू शिजत नसे. त्यासाठी परसात तीन दगडांची वेगळी चूल होती आणि तिथे काका स्वतः बसत.

अकोल्याहून बदलून गेलेल्या एका साहेबाकडून काकांना पॉइंटर जातीचं पिल्लू मिळालं होतं. पांढरी कुत्री, अंगावर तपकिरी ठिपके. या जातीच्या कुत्र्याला पाखराचा वास आला की ते जागच्या जागी थिजतं, एक पाय वर, नाक वासाच्या दिशेला. शिकारी पुढे जाऊन पाखरू उठवीपर्यंत हलायचं नाही, आणि बार झाल्यावर पळायचं नाही. पहिली गोष्ट काकांनी तिला परसातच शिकवली, तितराची पिसं चिंधीत बांधून. दुसरीची परीक्षा व्हायची होती. दिवाळीत पहिला फटाका वाजला तशी ती कणगीमागे शिरली आणि भाऊबीज होईपर्यंत धड बाहेर आली नाही.

काकांनी ते पाहिलं. जेवताना म्हणाले, "यंदा बाहेर नेऊन बघू. बाराला भ्याली तर ठेवून उपयोग नाही. धनगराला देऊन टाकू."

तो धनगर दरवर्षी आमच्या शेतात मेंढ्या बसवायला येई. माणूस चांगला, कुत्र्यांना पोटभर घालणारा. पण त्याचा मेंढ्यांचा वाडा एका जागी राहत नसे. आज इथे, पुढच्या महिन्यात पार गोदावरीकडे. त्याच्याबरोबर गेलेली कुत्री मला पुन्हा दिसली नसती. रात्री ती माझ्या खाटेखाली, माझ्या वहाणांवर हनुवटी ठेवून झोपे. मला ती हवी होती, एवढंच. त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. भाजी निवडायला घेई आणि अर्धी टाकून उठे.

काकांचा एक जुना स्नेही आपले दोन कुत्रे घेऊन नागपूरहून येणार होता. त्याला उतरवायचं कुठे? आईने चेष्टेत पोहरादेवीची धर्मशाळा सुचवली. "जत्रा नसली की सगळी मोकळी असते," ती म्हणाली.

"आणि देवीच्या दारात पाखरं सोलायची?" वडील म्हणाले.

"नाही म्हटलं, तेवढीच पाखरं वाचतील."

वडिलांच्या मनात सरकारी बंगला होता. अर्ज इंग्रजीत करावा लागे म्हणून तो मी लिहायचा होता, आणि म्हणूनच जागा बघायला त्यांनी मला, काकांना आणि कुत्रीलाही दमणीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, बसवून नेलं. बंगला देखणा होता. कौलारू, पुढे रुंद व्हरांडा, मागे टेकडी. म्हातारा चपराशी किल्ल्या वाजवत आला आणि आमच्या कुत्रीकडे बघून म्हणाला, "कुत्रे तबेल्यात बांधावं लागते, वकीलसाहेब. हुकूम हाय."

"गोरे साहेब कुत्री आणतात ती?" काकांनी विचारलं.

"ते कुत्रे कुठं, हुजूर? ते तं छोटे साहेब. पलंगावर झोपतात."

काका हसले. मला हसू आलं नाही. तबेला लांब होता, दार फळ्यांचं, आत जुन्या लिदीचा वास. तिथे ती रात्रभर रडली असती, आणि न झोपलेल्या कुत्र्याचं नाक चालत नाही हे काकांनीच मला शिकवलेलं. मी तसं बोलून दाखवलं.

"तू कुठे येणार आहेस?" वडील म्हणाले. "बंगल्यावर बायकामाणसांचं काय काम?"

म्हणजे तिच्या परीक्षेच्या दिवशी मी तिथे नसणार. हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

दुसरी जागा आसेगावची. वडिलांच्या एका पक्षकार पाटलांचं तिथे मोठं शेत होतं आणि शेतातच टिनाच्या छपराचं दोन खोल्यांचं घर. पाटील गरीब स्वभावाचे, कारभार पाटलीणबाईंचा. आम्ही पोचलो तेव्हा त्या कपाशीच्या बांधावर उभ्या होत्या. बोंडं फुटली होती, वेचणी लागायची होती. वडिलांनी येण्याचं कारण सांगितलं.

"या ना," त्या म्हणाल्या. "कुत्रे घिऊन या, बंदुका घिऊन या. पन आंधी आमचं सीतादही होऊ द्या. पयला कापूस घरात येईस्तोर शिवारात बार नोको."

सीतादही म्हणजे आपल्या वऱ्हाडात वेचणीच्या आरंभी बायका कपाशीत पूजा करतात ती. झाडाखाली खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, थोडा शेतात शिंपायचा, मग पहिला कापूस वेचायचा.

"पाहुणा लांबून येतोय, बाई," वडील म्हणाले.

"मंग त्याले बी दहीभात देऊ. अन् वकिलीनबाईले, पोरीले आना. नुसते गडी कायले येता?" मग कुत्रीकडे बघून, "हे कुठं निजते?"

"माझ्या खाटेखाली," मी म्हणाले.

"मंग इथं बी निजन."

परतताना वडील चिडलेले होते. एका बाईच्या कपाशीपायी नागपूरच्या माणसाला ताटकळत ठेवायचं, हे त्यांना पटेना. मी दमणीत कधी इकडे सरके, कधी तिकडे. बोलले असते तर बिघडलं असतं. शेवटी काका म्हणाले, "बंगल्यामागे टेकडी आहे. माझे गुडघे तिला मत देत नाहीत. आसेगाव सपाट आहे." मला अर्ज लिहावा लागला नाही.

ठरल्या दिवशी आम्ही सगळे तिथे गेलो. सकाळी सगळं तयार, पण पाटलीणबाईंची नणंद शेजारच्या गावाहून यायची होती आणि तिच्याशिवाय पूजा सुरू होत नव्हती. नागपूरचे पाहुणे बांधावर घड्याळ काढून बघत, खिशात ठेवत, पुन्हा काढत. त्यांचे दोन्ही कुत्रे दमणीच्या सावलीत शहाण्यासारखे पडून होते. आमची मात्र दोर ताणून चाकाभोवती फिरत होती. फिरून फिरून तिने दोर आखूड करून घेतला, मी सोडवला, तिने पुन्हा तेच केलं. वारा कपाशीकडून येत होता.

नणंद आली. पूजा झाली. पाटलीणबाई दहीभाताचं भांडं घेऊन उठल्या, आणि कुत्रीने दोर तोडला. ती ओळीतून वाकून धावत आली आणि खड्यांपासून दोन हातांवर थांबली. एक पाय वर. शेपटी ताठ. दहीभात नाकापुढे होता, तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"काय करून राह्यली वं हे?" पाटलीणबाई कुजबुजल्या.

"पाया पडून राह्यली," नणंद म्हणाली.

कोणी हललं नाही. पाटलीणबाईंच्या बोटांवरून दही गळत होतं. मग शेजारच्या ओळीतून फडफड करत तितरांचा थवा उठला आणि ज्वारीकडे गेला. ती तशीच उभी. बांधावरून पाहुणे म्हणाले, "नाक सोन्याचं आहे हो हिचं." वडील माझ्याकडे बघून हसले. त्या घटकेला मला वाटलं, झालं, ती घरी राहिली.

दुपारी पहिला कापूस घरात गेला आणि बंदुका निघाल्या. काकांनी तिला ज्वारीच्या कडेने नेलं. तिने पुन्हा तसाच वास धरला, तितकाच सुरेख. पाखरू उठलं, काकांनी दुनळी झाडली. बार विरायच्या आत ती दिसेनाशी झाली होती.

मी आणि पाटलीणबाई शोधत घरात गेलो. आतल्या खोलीत कापसाचा लहानसा ढीग होता, सकाळचा, पूजेचा. त्यात आधी मला काहीच दिसलं नाही. मग तपकिरी ठिपके दिसले, आणि ते थरथरताना. मला वाटलं, आता बाई ओरडणार. त्यांनी पदर खोचला, खाली बसल्या, तिच्या कानामागे हात फिरवला. "राहू दे. भेली बिचारी."

बाहेर पाहुणे म्हणत होते, "सत्याग्रही आहे तुमची कुत्री. हिंसेची वेळ आली की सभात्याग." काकांनी बंदूक उघडून काडतूस काढलं. ते हसले नाहीत. "धनगराला निरोप धाडा," वडिलांना म्हणाले.

"धनगराले काहून?" पाटलीणबाई दारातून म्हणाल्या. "मले द्या. हिले बार चालत नाही, मले बी चालत नाही. आमचं जमन."

"काका, घरी राहू दे," मी म्हणाले. त्यांना मी असं तोंडावर कधी बोलले नव्हते.

काका ओट्यावर बसले, गुडघे चोळत राहिले. "घरी ती काय करेल? असं नाक असलेलं जनावर परसात वेडं होतं. दिवसभर भिंतीच्या कडेने फेऱ्या घालते, बघतेस ना तू? शिकार तिच्याच्याने व्हायची नाही. निदान पाखरं तरी हुंगेल."

ती फेऱ्या घालते हे खरं होतं. मी रोज बघत होते. मी "बरं" म्हणाले. पाटलीणबाईंनी मला जवळ घेतलं नाही की समजूत घातली नाही. "तुले वाटन तवा ये," एवढंच म्हणाल्या, आणि त्या रात्री तिला माझ्या खाटेखाली निजू दिलं.

सकाळी दमणी जुंपली तेव्हा कुत्री कुठेच दिसत नव्हती. पाहुण्यांचे कुत्रे चढले, बंदुका चढल्या, आई चढली. मी उभीच. "चल," वडील म्हणाले, "ऊन होतंय." दमणी बांधावरून उतरली तशी कपाशीतून एक तितर फडफडत उठला. थोड्या वेळाने, बऱ्याच पुढे, दुसरा; मधली कपाशी दमणीच्या बरोबरीने हलत होती.

"नीट बस," वडील म्हणाले. "दमणी कलते."

मी नीट बसले. ओढा ओलांडेपर्यंत आणखी एक उठला.