आधी खोट, मंग मोल

साडीची घडी मोडली की शकुआत्या तिची तारीफ करायची नाही. आधी काठावरून, मग पदरावरून बोट फिरवायची आणि दोष सापडेल तिथं थांबायची. "वयनी, हितं धागा निसटलाय. अन् रंगबी सोडंल पहिल्या धुण्याला, येगळी भिजवा." समोरची बाई चपापायची. मग आत्या किंमत सांगायची. धंद्याचा तिचा नियम एकच होता, "आधी खोट, मंग मोल. खोट सांगितलेल्या साडीचं भांडण माघारी येत न्हाई."

ही माझी सख्खी आत्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून डोक्यावर साड्यांचं गाठोडं घेऊन वडीगोद्री आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर दारोदार फिरली. अंबडला आमच्याकडे आली की हाच नियम घरालाही लागू. "सूनबाई, वरणात मीठ कमी हाय. बाकी झकास." माझं लग्न ठरतानासुद्धा तिनं मुलीकडच्यांना आधीच सांगून टाकलं होतं, "पोरगं आळशी हाय, घोरतंबी. पण मनानं निर्मळ." बायको म्हणते, सांगितल्याबरहुकूम निघालेला एवढा एकच माल तिनं आयुष्यात पाहिला.

पुढं आत्याचे गुडघे गेले. आम्ही इलाजासाठी पैसे जमवून तिच्या हातात दिले, आणि एके दिवशी ती आमच्या ओट्यावर बसून म्हणाली, "अन्या, त्या पैशाचं मी सर्टिफिकिट करून राह्यले."

"कसलं?"

"माल विकायचं. जालन्याला क्लास हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला, तो बशीत न ठेवता बशीच्या शेजारी. अंबडात साड्यांचं मोठं दुकान निघालं होतं. मालकाला आत्याचं बोलणं पसंत होतं, पण सर्टिफिकेट असल्याशिवाय तो कुणाला कामावर ठेवायला तयार नव्हता. मी पडलो तहसिलातला कारकून. कागदावर उभी रेघ मारून फायदे-तोटे लिहायला बसलो. तोटे इतके झाले, की कागद उलटावा लागला.

"आत्या, हे तुझं वय आहे का? एवढा खर्च, आणि उद्या दुकानच बंद पडलं तर?"

"खर्चा मला कळतो. पण गुडघा नीट केला तर परत दारोदार चालावंच लागंल. सर्टिफिकिट केलं तर गादीवर बसून पगार. आता सांग, कोणता इलाज सस्ता?"

कागदाची मी घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सारली.

क्लासातल्या टायवाल्या सरांनी पहिल्याच परीक्षेत तिला नापास केलं. पेन विकायला दिला, तर ही म्हणाली, "सर, टोपण ढिलं हाय, खिशातून पडंल." सर म्हणाले, "मॅडम, दोष आपण होऊन सांगायचा नसतो." मग आत्यानं आमच्या घरी सराव सुरू केला. एकदा तिनं माझीच जुनी छत्री मला अशी विकली, की मी खिशात हात घातला. बायको खो खो हसली. मीही हसलो. आत्या मात्र हसली नाही, हे माझ्या ध्यानात नंतर आलं.

ती पास झाली, नोकरीला लागली. आम्ही पेढे वाटले.

मग लेकीच्या साखरपुड्याची साडी घ्यायला आम्ही तिच्याच गादीवर गेलो. आत्यानं घडी मोडली. "ही घ्या. पोरीला लई खुलून दिसंल." मी खोटेची वाट पाहत राहिलो. ती किंमत बोलली. म्हणजे खोट नसणार! मी खुशीत पैसे मोजले.

घरी बायकोनं साडी उलगडली. निऱ्यांच्या जागी, घडीवर, रंग उडाल्याचा लांब पट्टा. आम्ही तिघं त्याच्याकडे पाहतच राहिलो. काही विशेष नाही अशा थाटात मी म्हणालो, "तिला दिसला नसेल." आत्याला दिसला नाही, असं कधी झालंच नव्हतं.

संध्याकाळी दुकान सुटल्यावर आत्या आली. आत येईना, उंबऱ्यापाशीच बसली.

"दिसली का खोट?"

"दिसली."

"मला दुकानातच दिसली व्हती. मालक मागं उभा व्हता. त्यानं तोच माल काढायला सांगितल्ता." बराच वेळ तिनं गुडघा चोळला. "सर्टिफिकिट महाग पडलं रे अन्या. फीचं म्हणत न्हाई मी."

साडी तिनं बदलून आणली. त्यासाठी मालकाला काय सांगितलं, ते आम्ही विचारलं नाही. नोकरी सोड, असंही कुणी म्हणालं नाही. त्या गुडघ्यांवर गाठोडं परत कसं चढणार?

पण नंतर दुकानात एक नवीनच प्रकार सुरू झाला. आत्या साडी उलगडते, बोट फिरवते, आणि मधेच "जरा पाणी पिऊन येते हं बाई" म्हणून गादीवरून उठते. वडीगोद्रीकडच्या बायकांनी हे आधी ओळखलं. आत्या उठली, की त्या साडी गुपचूप बाजूला सारतात. ती बसून राहिली, की पैसे काढतात.

परवा मालक मला बाजारात भेटला. कामावर खूश होता. फक्त जाताना काळजीनं म्हणाला, "आत्याबाईंची शुगर एकदा तपासून घ्या. दिवसभर पाणीच पिऊन राह्यल्या."

"तपासतो," मी म्हणालो.