डेगा शाबूत होत्या

“तोंडानं नगा सांगू, लिवा,” असे म्हणत समोरच्याच्या पुढ्यात कागद सरकवायचा, ही गावचे महिला मंडळ चालवणाऱ्या अक्कांची रीत. मग तो सरपंच असो, ग्रामसेवक असो, की मंडळाचे लेखनकाम पाहणारा माझ्यासारखा शाळामास्तर. त्यांना स्वतःला सहीपुरतेच लिहिता येई; म्हणूनच लिहिलेल्या शब्दाचे वजन त्यांना ठाऊक होते.

मंडळाच्या स्मरणिकेत परवा छापून आले: ‘अक्का स्वभावाने भोळ्या होत्या. साथीनंतर आलेले सरकारी साहाय्य त्यांच्या हट्टापायी परत गेले, आणि मंडळाची भांडी त्यांनी वाटून टाकली.’ यातले एकही विधान खरे नाही. लिहिणारे तेव्हा गावात नव्हते. जे होते, त्यांना खरे आठवणे सोयीचे नाही.

मंडळाची बालवाडी भांड्यांवर चाले. तांब्याच्या सहा मोठ्या डेगा, पराती आणि सतरंज्या लग्नसराईत भाड्याने जात. त्यातून शिकवणाऱ्या बाईंचा पगार आणि पोरांची खिचडी निघे. दुसरे उत्पन्न नव्हते.

नामांतराच्या दंगलीला काही वर्षे लोटली असतील, तेव्हा गॅस्ट्रोची साथ आली. पहिला तडाखा बौद्धवस्तीला बसला. दंगलीत तिथली घरे जळाली होती, आणि पाणी नदीपात्रातल्या झिऱ्याचे. अक्कांनी सगळ्या डेगा गाडीत घालून वस्तीत नेल्या, चुली मांडल्या आणि साथ सरेपर्यंत पाणी उकळून वाटले. शेजारीण म्हणाली, “अक्का, लग्नाच्या डेगा तिकडं काहून?”

“आवंदा वऱ्हाड तिकडंच उतरलंय,” अक्का म्हणाल्या.

साथ सरली, लग्नसराई आली, आणि एकही डेग जागची हलली नाही. लोक जवळच्या मानवत शहरातून भांडी आणू लागले. मी विचारले, तर उत्तर मिळे, “रोगाची भांडी, गुरुजी. कोन जीव धोक्यात घालील?”

रोगाची! त्याच साथीत पाटलांच्या आळीतही माणसे अंथरुणाला खिळली होती. त्यांच्या घरचे तांब्ये कुणी उकिरड्यावर टाकले नाहीत की त्यांच्याकडचा चहा नाकारला नाही. कल्हई केलेल्या तांब्याला कसला रोग चिकटतो? डेगांना काय चिकटले होते, ते साऱ्या गावाला माहीत होते. कागदावर मांडायला मात्र कुणी तयार नव्हते. अशी गावे तुम्हीही पाहिली असतील. ‘आमच्याकडे तसले काही नव्हते’ असे तीच मोठ्याने सांगतात.

बालवाडीला कुलूप लागायची वेळ आली. तेवढ्यात साथीत फटका बसलेल्या संस्थांना सरकार पुन्हा उभे करणार, असे परिपत्रक आले. अर्ज मी लिहिला. पाहणीला एक विस्तार अधिकारी आले, सोबत सरपंच. साहेबांनी डेगांवर हात फिरवला. “शाबूत आहेत की! नुकसान कुठे आहे?”

“दावते. आधी जेवा,” अक्का म्हणाल्या.

पंगत बसली. वरण, भात, वांग्याची भाजी. साहेबांनी पहिला घास उचलला, तशा अक्का शांतपणे म्हणाल्या, “वस्तीत नेलेल्या डेगांतच शिजलंय, साहेब.”

घास ताटात उतरला. साहेबांनी पित्ताचे कारण सांगितले. सरपंचांना एकाएकी चतुर्थी आठवली. त्या दिवशी अष्टमी होती. अक्कांनी कागद पुढे सरकवला. “मंग लिवा की. नुकसान हेच हाय. तुमच्या ताटात हाय.”

भोळ्या बाईला असा डाव सुचतो?

साहेब माणूस वाईट नव्हता. खाली मान घालून म्हणाला, “अक्का, याला रकाना नाही. फुटली, जळाली, हरवली, एवढेच आहे. दोन-चार पोचे मारून ठेवा, मी ‘निकामी’ लिहितो.”

“डेगंनं काय गुन्हा केलाय?” अक्का म्हणाल्या.

अहवाल गेला: ‘भांडी सुस्थितीत. नुकसान निरंक.’ पैसा आलाच नाही. मग परत काय गेले? आणि धडधाकट भांडे खोट्यासाठी ठेचायला नकार देणे याला जर हट्ट म्हणत असतील, तर तसा हट्ट या गावात आणखी चार जणांनी करायला हवा होता.

भांडीही वाटली नाहीत. ठराव करून ती आणि बालवाडी वस्तीत हलवली. ठराव माझ्याच अक्षरात आहे. आसपासच्या वस्त्यांतली लग्ने त्या डेगांवर होऊ लागली. भाडे थोडे, पण चूल पेटती राहिली. गावातली पोरे दोन वर्षांनी आली. खिचडीच्या वासाला वेस नसते.

अक्का गेल्या, तेव्हा तेराव्याला वस्तीतली माणसे डेगा चिंचेने घासून, गाडीत घालून त्यांच्या दारी आली. पुतण्याने उंबऱ्यातूनच सांगितले, “ऱ्हाऊ द्या. मानवतहून आलेत भांडे.” गाडीवानाने कुणाकडेही न पाहता बैल वळवले.

मी ओट्यावर होतो. पंगतीची हाक आली, तेव्हा उठलो आणि जेवलो.