धनुष्यासाठी उतरवलेलं जू

आमच्याकडे बैलगाडीचं जू कुणी जाळत नाही आणि तोडतही नाही. गाडी मोडली तर तिच्या फळ्या चुलीत जातील, चाकाचे आरे जातील, पण जू भिंतीला टांगून ठेवायचं. ज्यानं जू तोडलं त्याचा जीव शेवटी सुखानं जात नाही, अडकून राहतो, असं मानतात. मला हे कधी पटलं नाही. जित्या माणसाचे हाल कुणी विचारत नाही आणि मरताना त्रास नको म्हणून लाकडाला जपायचं, याचा मला लहानपणापासून राग. तरी आमच्या घरातलं जू उतरवलं तेव्हा मीही घाबरले होते.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिलेला. सहकारी साखर कारखान्यानं गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली होती. आमचे बैल त्याआधीच बाजारात गेलेले, त्यामुळे छावणीत आमचं खरं तर काहीच काम नव्हतं. पण आबा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी उठून तिथं जायचे आणि लोकांच्या बैलांजवळ बसून संध्याकाळी परत यायचे. विचारलं तर म्हणायचे, "घरी बसून काय करू?"

मी तेव्हा माहेरी आले होते ती मायसाठी. तिचं गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालं होतं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यानं तोडायचा, तिनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. मायला आता वजन उचलायची बंदी होती. म्हणजे आबांचा कोयता अर्धाच राहिला होता, आणि उरलेला अर्धा भरायला घरात एकच माणूस होतं, माझी धाकटी बहीण. नववीत होती. मी तिच्या वयाची असताना माझं लग्न लावून मला दुसऱ्याच्या कोयत्याला जोडलं होतं, त्यामुळे पुढं काय वाढून ठेवलंय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

धाकटीला सुटायला एकच फट होती. शाळेतल्या खेळाच्या सरांनी मुलींना तिरंदाजी शिकवायला घेतली होती आणि ही पोरगी त्यात सगळ्यांच्या पुढं निघाली. उसाच्या पाचटानं भरलेलं पोतं कडुलिंबाला टेकवून ती बाण मारायची, आणि पोत्यावर काढलेलं चुन्याचं वर्तुळ क्वचितच चुकायचं. खेळाडू मुलींच्या सरकारी वसतिगृहासाठी गणपतीनंतर बीडला निवड होणार होती. तिथं नंबर लागला तर राहणं, खाणं, शाळा, सगळं तिथंच. आबांनी सरांना शब्द दिला होता, "निवड झाली तर जाऊ द्या. न्हाई झाली तर मातर दिवाळीनंतर ती माझ्यासंगं येईल." आबा वाईट माणूस नव्हते. त्यांना दुसरा रस्ता दिसत नव्हता.

घोडं अडलं ते धनुष्यापाशी. शाळेतली बांबूची धनुष्यं त्या उन्हाळ्यात वाळून उकलली होती. एक कसंबसं धड होतं, पण ते धाकटीच्या हाताला फार हलकं. जरा जोर लावला की करकरायचं. शेवटी सर गावातल्या सुतारमामांकडे गेले. मामांच्या घरात दसऱ्याला देवापुढं ठेवायचं लाकडी धनुष्य करायची रीत होती. मामा करायला तयार झाले, पण म्हणाले, "लाकूड मी सांगतो ते आणा. ओलं झाड तोडून आणाल तर हात बी लावणार न्हाई. धामणीचं पाहिजे, आन् जुनं पाहिजे. वर्षानुवर्षं वारं प्यालेलं."

धामणीचं लाकूड वाकतं आणि परत सरळ होतं. म्हणून कुऱ्हाडीचे दांडे, कावडी, गाडीच्या दांड्या धामणीच्या करत. पण गावात आता सगळ्या टायरच्या लोखंडी गाड्या. जुन्या लाकडी गाड्या परसात पडून कुजायच्या नाहीतर चुलीत जायच्या. आम्ही दोघी बहिणी आषाढभर लाकूड हुडकत फिरलो. गावातल्या सोसायटीचं जुनं गोदाम पाडत होते, तिथल्या वाशांकडे आधी धावलो. मामांनी नखानं खरवडून बघितलं आणि म्हणाले, "साग हाय. दारं करा त्याची."

मग छावणीत गेलो. तिथं मुक्कामी असलेल्या माणसांनी चुलीसाठी जुन्या गाड्या फोडून आणल्या होत्या. एका बाईच्या चुलीत गाडीची दांडी निम्मी जळत होती आणि निम्मी बाहेर. धाकटीनं ती ओढूनच काढली. त्या बाईनं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी तिला घरून गोवऱ्या आणून दिल्या, तेव्हा कुठं तिचं तोंड थांबलं. एवढं करून दांडी मामांकडे नेली, तर आतून वाळवीनं पोखरलेली. मामांनी ती ठोकून दाखवली, भुगा गळाला. धाकटी तिथंच मातीत बसली. मला त्या बाईचा, वाळवीचा, पावसाचा, सगळ्यांचाच राग आला आणि तो काढायला कुणी समोर नव्हतं.

दोन दिवसांनी मामा आमच्याकडे चहाला आले. कप हातात घेतला आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. आमचं जू तिथं टांगलेलं होतं. आजोबांच्या वेळचं, धामणीचं, बैलांच्या खांद्यांनी गुळगुळीत झालेलं. मामा उठले, जुवावर हात फिरवला, बोटानं वाजवलं. खाली बसून पुन्हा चहा प्यायला लागले. पण घरात सगळ्यांना कळलं होतं.

माय म्हणाली, "न्हाई. जुवाला हात लावायचा न्हाई."

मी म्हणाले, "बैल इकले तवा कुणी न्हाई म्हनलं न्हाई. आता लाकडाचा कळवळा आलाय व्हय?"

"तुला काय कळतंय," माय म्हणाली. "ह्यांचा जीव अडकल उद्या. कोन सोडवणार?"

आबांनी मामांना विचारलं, "भोकं पडल्यात की त्याला. शिवळांची." शिवळा म्हणजे बैलाची मान जुवात राहावी म्हणून दोन्ही टोकांना घालायच्या खुंट्या.

"भोकं रुंदीच्या मधी हायत," मामा म्हणाले. "मी कडंची फाक काढतो. करवत लावणार न्हाई, पाचर मारून उकलतो. लाकूड आपल्या रेषेनं फाटलं म्हंजी ताकद ऱ्हाती."

आबा उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं जू खाली उतरवलं. मामांच्या पुढं ठेवताना म्हणाले, "बैलं काय परत येत न्हाईत आता." एवढंच बोलून ते छावणीकडे निघून गेले. मामांनी अंगणात पाचर ठोकली तेव्हा माय घरात तोंड फिरवून बसली होती. जू अगदी सरळ उकललं. आत लाकूड मधासारखं पिवळं होतं आणि कुठं गाठ नाही, कीड नाही. धाकटी ती फाक कडेवर घेतल्यासारखी घेऊन उभी राहिली. त्या उन्हाळ्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

मामांना छावणीत मांडव घालायचं काम मिळालं होतं. ते म्हणाले, "पोळा झाला की घेतो कामाला. तवर घरात सावलीला ठेवा." आम्ही ती फाक आणि उरलेलं जू आढ्याखाली आडवं ठेवलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. बैलांना धुवायचं, वर्षभर जुवानं रगडलेले त्यांचे खांदे कोमट पाण्यानं शेकायचे, हळद आणि तूप लावून चोळायचे, असा तो दिवस. मी आणि धाकटी शाळेत सरांना भेटायला गेलो होतो. आबा छावणीत. माय एकटी घरी. गोठा रिकामा, दावणीला बांधायला काही नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यावर खांदेमळणीला हात रिकामे ठेवून बसायची पाळी आलेली. त्यात जू उकललेलं, ते तिच्या मनाला लागलेलं. तिनं आढ्याखालून जुवाचे दोन्ही तुकडे काढले. टँकरचं पाणी, जे आम्ही भांडण करून घागरीनं आणत होतो, ते तापवलं आणि बैलांच्या दगडी डोणीत ओतलं. त्यात दोन्ही तुकडे बुडवून ठेवले, चोळून आंघोळ घातली. हळद लावली, घरात होतं तेवढं तूप लावलं. आम्ही परत आलो तेव्हा दोन्ही तुकडे अंगणात उन्हाला टाकले होते आणि माय शेजारी बसली होती. चेहरा निवलेला. मला वाटलं, बरं झालं, हिच्या मनातलं एकदाचं गेलं.

श्रावणातलं ऊन होतं, पण त्या वर्षीचा श्रावण वैशाखासारखाच तापला होता.

पोळा झाल्यावर मामा आले. फाक हातात घेतली, उजेडाकडे धरली, अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्याला पाणी पाजलं का कुणी?"

लाकडात केसाएवढी चीर गेली होती. कोरडं लाकूड भर पाणी प्यालं आणि लगेच उन्हात पडलं, ते आतून तडकलं. मामा म्हणाले की आता दुसरं लाकूड शोधायला वेळ नाही. उरलेल्या तुकड्याला तर बोट जाईल एवढी भेग होती. "वाकसानं तासून बघतो, चीर जाती का. न्हाई गेली तर सरस लावून दोरा गुंडाळतो. टिकंल का न्हाई मी सांगू शकत न्हाई."

मामा गेल्यावर मी मायला वाटेल ते बोलले. बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बैलं न्हाईत. जू तरी हाय म्हनलं. त्याच्या बी खांद्याला कुणी हात लावावा." आणि भाकरी थापायला लागली. मला रडू आलं आणि राग काही गेला नाही.

मामांनी जीव लावून धनुष्य केलं. रंध्यानं साफ केलं, चिरेच्या जागी सरस भरून दोरा घट्ट गुंडाळला, एरंडेल चोळलं. धाकटीनं ओढून बघितलं. चांगलं वाकायचं आणि चांगलं सुटायचं. शाळेमागं तिनं रोज सराव केला आणि मी रोज त्या दोऱ्याकडे बघत बसायचे.

बीडला मी तिच्याबरोबर गेले. मैदानावर शहरातल्या पोरी चकचकीत सामान घेऊन आल्या होत्या. आमचं हळदीच्या रंगाचं धनुष्य बघून एकदोघी हसल्या. धाकटीचे पहिले बाण पडले तेव्हा हसणं थांबलं. निवड करणारे गृहस्थ खुर्चीवरून उठून तिच्या मागं येऊन उभे राहिले. मी मनात म्हणाले, झालं, सुटली. पुढच्या बाणाला तिनं दोरी गालापर्यंत ओढली आणि धनुष्याची वरची बाजू दोऱ्याच्या जागी मोडली. तुकडा तिच्या गालाला लागून बाजूला पडला. सरांनी दुसऱ्या मुलीचं धनुष्य मागून आणून तिच्या हातात दिलं. परक्या धनुष्यानं ती कशी मारणार? बाण निशाणाच्या फळीलाही लागले नाहीत. त्या गृहस्थांनी हळहळून सांगितलं, "पुढच्या वर्षी ये बाळा." पुढच्या वर्षी ती कुठं असेल हे त्यांना काय माहीत.

घरी आलो तेव्हा आबांनी गालावरची जखम बघितली आणि "बरं," एवढंच म्हणाले. मायनं हळद लावली.

दसरा झाल्यावर ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा मुकादम आला. गावातून किती कोयते निघणार ते ठरवायला तो दारोदार फिरायचा. ओट्यावर बसून त्यानं आबांना विचारलं, "मग पोरगी येती ना तुमची?"

आबांनी होय म्हणून मान हलवली. धाकटी दारातच उभी होती. ती आत गेली नाही, रडली नाही.

माय चुलीपासून उठून बाहेर आली. "पोरगी येत न्हाई," ती म्हणाली. "म्या येते."

"तुला डागदरनं काय सांगितलंय?" आबा म्हणाले. "मोळी उचलायची न्हाई तुला."

"पिशवी काढलीय माझी. हात काढले न्हाईत."

मुकादमानं खाली बघितलं. आबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती त्यांच्याशी भांडत नव्हती. तिचं ठरलेलं होतं. मी पुढं होऊन म्हणाले की असं करू नको, मी काहीतरी बघते. मी तरी काय बघणार होते? मला नवऱ्याबरोबर दुसऱ्या टोळीत जायचं होतं. मायनं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "माझ्या हातनं झालंय ते मलाच निस्तरू दे. तू त्यात पडू नको."

दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा मायनं जुन्या लुगड्याची पट्टी पोटाला घट्ट बांधली आणि भांड्यांच्या पोत्यावर चढून बसली. धाकटीला शाळेसाठी सुतारमामांच्या घरी ठेवायचं ठरलं होतं. धाकटीनं कुणाला न सांगता आपलं गाठोडं बांधलं होतं. ती फळीवर पाय देऊन वर चढायला लागली. मायनं तिचा हात फळीवरून सोडवला आणि तिला खाली ढकललं. जोरात ढकललं. पोरगी पडता पडता वाचली.

माघात आबांनी मायला परत आणून सोडलं. तिला उभं राहता येत नव्हतं. आबा दोन दिवस थांबले आणि एकटेच कारखान्यावर परत गेले. मी कळताच टोळीतून धावत आले. धाकटी मायचे पाय चेपत बसली होती. शाळेत सरांनी पुन्हा सराव सुरू केला होता, पण ही चार दिवस गेली नव्हती. मला बघून माय अंथरुणातून म्हणाली, "हिला आधी शाळेत धाड. म्या कशापायी गेलते?"

धाकटी उठली, तोंड धुतलं आणि गेली. मायनं दाराकडे बघत मला विचारलं, "गेली का?"

"गेली," मी म्हणाले.

मग ती कण्हायला लागली.