तुटका समोसा, अर्धी किंमत

सौदीतल्या खफजी गावच्या आमच्या भारतीय शाळेत मुलींच्या कँटीनच्या खिडकीत एक बाई बसायची. रत्नागिरीकडची, नाव मी कधी विचारलं नाही. तिच्याकडे तुटका समोसा अर्ध्या किमतीत मिळायचा.

गरजू मुलींना फुकट जेवण द्यायचं, असं एकदा शाळेनं ठरवलं. प्रिन्सिपल मॅडमनी वर्गावर्गात जाऊन हात वर करायला सांगितलं. एकही हात वर आला नाही. शाळेत गरीब कुणी नाही, असं मीटिंगमध्ये ठरवून आम्ही चहा प्यायलो.

पण समोसे फारच तुटू लागले होते. मी शिक्षिका, शिवाय कँटीन कमिटीवर, म्हणून तक्रार करायला गेले. खिडकीशी नववीतली एक मुलगी उभी होती. बाईनं चांगला अख्खा समोसा उचलला, अंगठ्यानं दाबला, कागदात गुंडाळला आणि अर्धेच पैसे घेतले.

"हे काय?" मी विचारलं.

"कंपन्यांचे पगार लांबलेत ना, टीचर," ती म्हणाली. "पगार लांबले की समोसे तुटतात."

हे मीटिंगमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. पीठ नीट मळावं, अशी सूचना मी केली.

पुढं माझ्या नवऱ्याच्या कंपनीनंही पगार थांबवले. शाळेत मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्याच कंपनीतल्यांच्या मुली तिच्या खिडकीशी येतच होत्या. मधल्या सुट्टीत मी नेहमीसारखा समोसा मागितला. माझ्याकडे न बघता तिनं त्यावर अंगठा दाबला.

मी मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं.

"दोन द्या," मी म्हणाले.