शैलाताईंचा चीन

रजेवरून परतलेला माणूस पहिल्या आठवड्यात फोटो दाखवतो; खरे किस्से महिन्याभराने बाहेर पडतात. आमच्या चीनच्या सहलीचं तसंच झालं. मी इथे कुवेतला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, शैलाताई सर्जिकल वॉर्डच्या सिस्टर, आणि त्यांचे यजमान नाना शुऐब्याच्या बंदरात क्रेन ऑपरेटर. ताई-नाना वर्षअखेर कायमचे देवगडला जाणार होते. त्याआधी ताईंना चीन बघायचाच होता.

*

हाडांचे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आधी गुडघे बदलून घ्या."

"आधी बदलले तर सगळी रजा फिजिओथेरपीत जाईल," ताई म्हणाल्या. "आहेत ते वापरून येते."

*

ट्रॅव्हल एजंटने बीजिंग-शांघायचं पॅकेज पुढे केलं. ताईंनी ते न उघडताच परत सरकवलं. "उंच इमारती मला बनेद अल-गारच्या घराच्या खिडकीतून रोज दिसतात. दक्षिणेतली भातशेती दाखवा आणि वायव्येचं वाळवंट."

"वाळवंट?" नाना म्हणाले. "मग कुवेतला बावीस वर्षं आपण काय बघतोय?"

*

दक्षिणेत ग्वेलिनच्या पुढे डोंगरच्या डोंगर माथ्यापर्यंत पायऱ्यांनी कापलेत आणि प्रत्येक पायरीवर भात. लावणी चालू होती. नानांना राहवेना. पँट दुमडून ते चिखलात उतरले आणि एका म्हातारीशेजारी दोन ओळी लावल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या.

म्हातारी गोड हसली, त्या दोन्ही ओळी उपटल्या आणि नव्याने लावल्या.

*

तिथून विमानाने वायव्येला, तुनह्वांगला. गावाच्या कडेलाच वाळूचे डोंगर. ताई लाकडी पायऱ्यांवर दर दहा पावलांनी थांबत होत्या, पण परत फिरायचं नाव नाही. वर पोचल्या तर नाना आधीच बसलेले, बूट काढून.

"ही वाळू वेगळी आहे," ते म्हणाले.

*

त्याच संध्याकाळी नाना उपाशी. सूर्य मावळल्यावर देवापुढे दिवा लावायचा, मग जेवायचं, हा त्यांचा नेम. पण एवढ्या रुंद देशाला घड्याळ एकच, बीजिंगचं. तिकडे पश्चिमेला नऊ वाजले तरी ऊन!

"आज घड्याळ बघून लावा," ताई म्हणाल्या. "सूर्याला सरकारी वेळ माहीत नाही."

*

परतीला तुनह्वांगहून लांचौची ट्रेन धरली. एका बाजूला बर्फाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला रखरखाट. समोरच्या बाकावरचे पांढऱ्या नमाजी टोपीतले आजोबा अचानक घामाने डबडबले आणि कलंडले. बरोबर कुणी नाही. डब्यातले सगळे एकदम चिनीत बोलू लागले.

ताई गुडघे विसरून खाली बसल्या. नाडी बघितली, टोपीकडे बघितलं आणि वॉर्डातल्या अरबीत विचारलं, "इंदक सुक्कर?" शुगर आहे का तुम्हाला?

आजोबांनी डोळे उघडून मान हलवली. मदरशात शिकलेली अरबी असावी. ताईंनी घोट घोट करून त्यांना ज्यूस पाजला आणि हात धरून बसल्या. पंधरा मिनिटांनी चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी हळूच विचारलं, "मिन ऐन?" कुठल्या तुम्ही?

बावीस वर्षं हा प्रश्न आला की ताई "देवगड" म्हणत आल्यात. समोरच्याला देवगड माहीत असो वा नसो. नानांनी तोंड उघडलंही होतं.

ताई म्हणाल्या, "मिन अल-कुवेत."